हवामान समजावून सांगणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत भूगोल-विज्ञान शिकवणारे शिक्षक, शेतकऱ्यांशी रोज बोलणारे कृषी सहायक, आपत्ती व्यवस्थापनाचं काम करणारे कार्यकर्ते, विज्ञान मंडळांचे स्वयंसेवक. हवामानाबद्दल लोकांशी बोलण्याचं काम ही मंडळी करतात, आणि आमच्या कार्यशाळांना बहुतेक तीच येतात. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्र आणि गोव्यातल्या पावसाला धरून आहेत.

हवामानशास्त्राची पदवी नाही. तरी मी हे काम करू शकतो का?

हो. अंदाज वर्तवणं आणि अंदाज समजावून सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं भारतीय हवामान विभागाचं. दुसऱ्यासाठी माणसं कायम कमी पडतात. एक पथ्य मात्र कडक पाळा: स्वतःचा अंदाज सांगायचा नाही. "मला वाटतं गुरुवारी पडेल" असं एकदा म्हणालात की तुम्ही शिक्षक उरत नाही. गुरुवार कोरडा गेला की तुम्ही वर्षभर शिकवलेल्या सगळ्या गोष्टींवरचा विश्वास त्याबरोबर जातो.

मग हे काम आज नेमकं कोण करतं?

हवामान विभागाची मुंबई, नागपूर आणि गोव्याची केंद्रं रोज मराठीतही माहिती देतात. पुण्यातून कृषी हवामानाचं काम चालतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हानिहाय कृषी सल्ला निघतो, आणि तो तयार करण्यात राहुरी, परभणी, दापोली, अकोला या कृषी विद्यापीठांतली माणसं असतात. मधली काही वर्षं कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती. २०२४ मध्ये ती बंद झाली. आमच्या मते हे नुकसान मोठं आहे. त्या केंद्रांतली माणसं तालुक्याची भाषा जाणणारी होती. सल्ला वेबसाइटवर आजही मिळतो, पण "पाऊस येतोय, तर मग उद्या फवारणी करू का नको" हे फोनवर विचारायला माणूस लागतो. ती जागा आज शिक्षक आणि स्वयंसेवक आपल्या परीने भरून काढतात.

'हवामान' आणि 'हवामान बदल' यांत लोकांचा गोंधळ होतो. कसं सांगायचं?

या गोंधळात लोकांची चूक नाही. आपल्या भाषेत वेदर आणि क्लायमेट या दोन्हींसाठी एकच शब्द रूढ झाला आहे. "आज हवामान बदललंय" असं आजी म्हणते तेव्हा तिला ढग आलेत एवढंच म्हणायचं असतं. मग तुम्ही व्यासपीठावरून "हवामान बदल हे मोठं संकट आहे" म्हणालात, तर तिला वाटतं, त्यात काय, ते तर रोजच बदलतं! परिभाषेत 'जलवायू' हा शब्द आहे, पण तो बोलण्यात कधी रुळला नाही. गावातल्या सभेत तो वापरला की समोरची माणसं आपल्यापासून एक पाऊल मागे सरकतात, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे.

त्यामुळे आम्ही शब्दाच्या मागे लागत नाही, काळ सांगतो. "आजची हवा", "या आठवड्याची हवा", आणि "तीस वर्षांचं हवामान". तीस हा आकडा मनाने काढलेला नाही. जगभर हवामानाची सरासरी किमान तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात. शेतकऱ्यांसमोर आम्ही आणखी जवळचं उदाहरण घेतो. आज बाजार समितीत कांद्याला काय भाव मिळाला, ही झाली हवा. या मालाला साधारण किती भाव धरून चालावं, हा वडिलांचा अनुभव म्हणजे हवामान. आणि तो अनुभवच चुकायला लागला, तर तो हवामान बदल. ही तुलना फार ताणू नका, कारण भाव माणसं ठरवतात. पण पहिल्या पाच मिनिटांसाठी ती चांगली चालते.

शाळेत सुरुवात कशापासून करू?

पर्जन्यमापकापासून. तक्ते, चित्रफिती, भाषणं सगळं नंतर. मुलांनी आधी स्वतःच्या हाताने पाऊस मोजला पाहिजे.

सरळ भिंतीची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून त्याच बाटलीत नरसाळ्यासारखा बसवा. तळ सपाट नसेल तर शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरून ठेवा आणि तिथून पट्टी चिकटवा. बाटलीचं तोंड आणि पोट एकाच व्यासाचं असेल, तर साठलेल्या पाण्याची उंची हाच पाऊस. वेगळं नरसाळं वापरणार असाल तर ११.३ सें.मी. व्यासाचं शोधा. त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर १०० चौरस सें.मी. भरतं, म्हणजे १० मिलिलिटर पाणी जमलं की १ मिलिमीटर पाऊस झाला. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाने सातवीतलं मूलही हे मोजतं.

जागा सर्वांत महत्त्वाची. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जेवढी उंची, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. मापक जमिनीपासून थोडा वर आणि पक्का बसवा. एका शाळेत आम्ही हौसेने लावलेला मापक शिक्षकांनी "मुलांचा धक्का लागेल" म्हणून कडुनिंबाखाली हलवला होता. जुलैभर तिथला आकडा गावातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा कमी येत राहिला आणि आम्ही मुलांच्या वाचनाला दोष देत राहिलो. चूक आमची होती. जागा का निवडली हे आम्ही त्या शिक्षकांना सांगितलंच नव्हतं.

आकडा मिळाला. त्याचं पुढे काय?

खरी मजा इथे आहे. १ चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एवढं एक सूत्र मुलांना पाठ होऊ द्या. मग शाळेचं छप्पर मोजायला लावा. १०० चौरस मीटर छपरावर २५ मि.मी. पाऊस झाला तर २,५०० लिटर पाणी पन्हाळीतून वाहून गेलं. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा त्याच पावसाने एका एकरावर एक लाख लिटरच्या वर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे दहा टँकर! उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा हिशोब फळ्यावर मांडला की वर्ग एकदम शांत होतो.

दुसरा उपयोग पेरणीचा. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विद्यापीठं दरवर्षी सांगतात. पण आपल्या रानात किती झाला हे कळणार कसं? लोक म्हणतात, "ओल चांगली बोटभर गेलीय." मराठवाड्यातल्या एका गावात शाळेतली मुलं रोजचा आकडा पारावरच्या फळ्यावर लिहायची. मृगाच्या पहिल्या दोन जोरदार सरींनंतर बेरीज ३८ वर आली होती. फळा बघून काही घरांनी पेरणी थांबवली. नंतर दोन आठवडे पावसाने दडी मारली. दुबार पेरणीचं बियाणं किती रुपयांना पडतं, हे त्या गावाला आम्ही सांगायची गरज नव्हती.

नोंद सकाळी साडेआठलाच का घ्यायची?

कारण जगभरची केंद्रं ठरलेल्या जागतिक वेळांना एकाच वेळी नोंदी घेतात, आणि त्यातली पहाटे ३ची जागतिक वेळ आपल्याकडे साडेआठ वाजता येते. मुलांचा गोंधळ होतो तो तारखेचा. काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेसमोर लिहितात. म्हणूनच २६ जुलै २००५चा मुंबईचा तो पाऊस नोंदवहीत २७ जुलैसमोर दिसतो.

"अंदाज चुकला" असं लोक म्हणतात तेव्हा काय उत्तर द्यावं?

आधी विचारा, अंदाज नेमका काय होता. दहापैकी बऱ्याच वेळा लोकांनी अंदाज वाचलेलाच नसतो, मथळा वाचलेला असतो.

हवामान विभागाच्या वाक्यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्या ते पाऊण, आणि त्याच्या वर 'बहुतांश ठिकाणी'. 'विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस' असा अंदाज होता आणि तुमच्या गावात ऊन पडलं, तर अंदाज चुकला नाही, उलट तो खरा ठरला. चारपैकी तीन गावं कोरडी राहणार हे त्यात सांगितलेलंच होतं.

'मुसळधार' आणि 'अति मुसळधार' यांचीही मापं ठरलेली आहेत. २४ तासांत ६४.५ मि.मी.पासून मुसळधार पाऊस, ११५.६पासून अति मुसळधार, आणि २०४.४च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. महसूल खात्याचं 'अतिवृष्टी'चं माप वेगळं, मंडळात २४ तासांत ६५ मि.मी. नुकसानभरपाई त्यावर अवलंबून असल्यामुळे हा आकडा शेतकऱ्यांना पाठ असतो. तिथूनच बोलायला सुरुवात करा.

आणि कधीकधी अंदाज खरोखर चुकतो. तेव्हा तसं स्पष्ट म्हणा. पुढच्या एक-दोन दिवसांचा अंदाज चांगला येतो, पाच दिवसांपर्यंत कामाचा असतो, त्यापुढे दिवसावार आकडे मागू नयेत. दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा कल येतो, तो कल म्हणूनच वाचावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ पासून वापरात आली. तिच्यात सहा किलोमीटरच्या चौकटींत अंदाज मिळतो, आधी ती चौकट बारा किलोमीटरची होती. सहा किलोमीटरच्या चौकटीत तीन गावं आणि मध्ये एक डोंगर सहज बसतो. वळवाचा ढग एका शिवारात कोसळून शेजारच्या शिवाराला कोरडा ठेवतो, तो या चौकटीत कसा पकडणार?

शंका असेल तर सांताक्रूझ आणि कुलाब्याचं उदाहरण द्या. त्या २६ जुलैच्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. नोंद झाली, आणि त्याच शहरात कुलाब्याला सुमारे ७४. दोन्हीही मुंबईच.

यलो, ऑरेंज, रेड अलर्टचा अर्थ लोकांना कसा पटवायचा?

रंग धोका किती आहे आणि तुम्ही काय करायचं, हे सांगतात. हिरवा: काही करायला नको. यलो: लक्ष ठेवा. ऑरेंज: तयारीत राहा. रेड: आता कृती करा. "रेड अलर्ट होता आणि काहीच झालं नाही" अशी तक्रार आली तर एवढंच विचारावं, की शाळेला सुट्टी दिली म्हणून मुलं ओढ्याच्या पलीकडे अडकली नाहीत, हे काहीच नाही का?

किनारपट्टीवर रंगांऐवजी बावट्यापासून सुरुवात करा. रत्नागिरी-रायगडच्या बंदरांत 'तीन नंबरचा बावटा' लागला की काय करायचं, हे कोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. इशारा म्हणजे काय हे शिकवण्यासाठी कोकणात बाहेरचं उदाहरण शोधायची गरजच नाही.

प्रत्येक मोठ्या पावसाला 'ढगफुटी' म्हणतात. थांबवू का?

थांबवा, पण माणसाला न दुखावता. ढगफुटी म्हणजे साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या भागात एका तासात १०० मि.मी. किंवा त्याहून जास्त पाऊस. रात्रभर १५० मि.मी. पडून ओढ्याला पूर आला, तर ती ढगफुटी नव्हे. आपल्याकडे बरेच पूर ढगापेक्षा ओढ्याचं पात्र बुजवल्यामुळे, मोरी अरुंद ठेवल्यामुळे येतात. 'ढगफुटी' म्हटलं की सगळा दोष आभाळावर जातो आणि मोरी तशीच राहते. म्हणून हा शब्द नीट वापरायला हवा.

वॉट्सॲपवर फिरणारे अंदाज खरे का खोटे, हे लोकांना कसं शिकवायचं?

तीन गोष्टी बघायला शिकवा. तारीख आणि वेळ आहे का? कोणत्या कार्यालयाने दिला आहे? कोणत्या जिल्ह्यासाठी आहे? तिन्हींपैकी एक जरी नसेल तर पुढे पाठवायचा नाही. जुन्या वादळाचे व्हिडिओ दरवर्षी नव्या नावाने फिरतात. बारीक नजरेच्या मुलांना हे शोधून काढायला फार आवडतं, आणि घरातल्या मोठ्यांना थांबवायलाही तीच मुलं पुढे येतात.

नक्षत्रं, वाहनं, पावशा, भेंडवळची घटमांडणी. याबद्दल काय बोलायचं?

हा प्रश्न प्रत्येक गावात येतो, आणि इथेच सर्वांत जास्त कार्यकर्ते चुकतात. "सगळी अंधश्रद्धा आहे" म्हणून त्यांनी वही मिटली, की समोरची माणसंही कान मिटतात.

आम्ही वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या करून घेतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य ही पावसाची नक्षत्रं म्हणजे सूर्य त्या वेळी आकाशात कुठे आहे याची नोंद. सूर्य दरवर्षी ७-८ जूनच्या सुमारास मृगात जातो. म्हणजे हे मुळात सौर कॅलेंडर आहे, आणि फार हुशारीने बनवलेलं. चंद्राच्या तिथ्या मागेपुढे सरकतात, अधिक महिना येतो, पण पेरणीसाठी तारीख ठरलेली हवी, ती नक्षत्राने दिली. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' यात ऑक्टोबरअखेरच्या पावसाचा रब्बीला होणारा फायदा आहे. पिढ्यान् पिढ्यांच्या निरीक्षणाचा सारांश! तो मुलांकडून आजी-आजोबांना विचारून लिहून घ्यावा. एक बारकावा वरच्या वर्गांत जरूर सांगा: पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्यामुळे ही नक्षत्रं ऋतूंच्या मानाने साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकतात.

वाहनाचं, म्हणजे नक्षत्राचा पाऊस कसा पडेल हे ज्यावरून सांगतात त्या प्राण्याचं, तसं नाही. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं आणि बाकीवरून बेडूक, म्हैस, गाढव ठरवायचं. हा फक्त गणिताचा हिशोब आहे. त्यात ढग, वारा, समुद्र कुठेच येत नाही. मुलांना हे आम्ही सांगत नाही, करून बघायला लावतो. पंचांगात एका नक्षत्राला जे वाहन असतं ते साऱ्या महाराष्ट्राला तेच. आणि सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मि.मी.च्या वर पाऊस पडतो, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोन्हीकडे बेडूकच? एवढा प्रश्न विचारून थांबतो. बाकीचं मुलं स्वतःच बोलतात.

पावशा पक्षी खरंच पावसाळ्यापूर्वी ओरडतो, कारण तो त्याच्या विणीचा काळ आहे. 'पेर्ते व्हा' ऐकून त्याला दूर लोटू नका, फक्त मापकाकडेही बघायला सांगा. बुलढाण्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. तिथे जमणाऱ्या माणसांची पावसाबद्दलची काळजी खरी आहे, ती ओळखून बोला. पद्धतीबद्दल विचारलं तर भाकीत ऐकल्या दिवशीच लिहून ठेवा, वर्षअखेर जिल्ह्याच्या आकड्यांशी ताडून बघा, एवढंच सांगा. हाच नियम हवामान विभागाच्या अंदाजालाही लावा. एकाच वहीत दोन रकाने.

"आमच्या लहानपणी सात-सात दिवस झड लागायची." हा हवामान बदलाचा पुरावा मानायचा का?

पुरावा मानू नका, पण आठवण वाया घालवू नका. माणसाला टोकाचे प्रसंग आठवतात, साधे दिवस आठवत नाहीत. त्या आठवणीतून प्रश्न तयार करा: पावसाचे दिवस कमी झाले का? एका दिवसात पडणारा पाऊस वाढला का? मग तालुक्याच्या जुन्या नोंदी शोधा. २.५ मि.मी. किंवा जास्त पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस' धरतात, हे आधी ठरवून घ्या, नाहीतर रिमझिमीवरून भांडणं होतात. साखर कारखाने, धरणांची कार्यालयं, तहसील यांच्याकडे अनेक वर्षांच्या वह्या असतात. नववी-दहावीच्या मुलांना याहून चांगला प्रकल्प आम्हाला माहीत नाही.

हवामान बदलाचे कोणते आकडे सांगावेत?

कमी सांगा, पक्के सांगा. २०११ ते २०२० या दशकात जगाचं सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे १.१ अंश जास्त होतं. भारताचं १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढलं. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पडतो तेव्हा पाऊस जोरात पडतो. मध्य भारताच्या मोठ्या पट्ट्यात, महाराष्ट्राचा बराच भाग त्यात येतो, १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरलेल्या अतिमुसळधार पावसाच्या घटना जवळजवळ तिप्पट झाल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथून येणारी बाष्पाची लाट त्यामागे आहे.

लोक विचारतात, "०.७ अंशाने काय होतं? पंखा एक घर वाढवला की झालं." ही सरासरी आहे, हे तेव्हा सांगायचं. शंभरातल्या शंभर मुलांची उंची एक इंचाने वाढली तर सरासरी एक इंचच वाढते, पण सहा फुटांच्या वरची मुलं एकदम कितीतरी जास्त होतात. उन्हाळ्याचे टोकाचे दिवस असेच वाढतात.

'निसर्ग' चक्रीवादळ हवामान बदलामुळेच आलं ना?

३ जून २०२० ला अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेल्या त्या वादळाने रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. तिथल्या बागायतदारासमोर उभं राहून टक्केवारी सांगवत नाही. पण एका वादळावर शिक्का मारू नये. असं सांगावं: तापलेल्या समुद्रावर वादळाला जास्त ऊर्जा मिळते, आणि अरबी समुद्रातली वादळं गेल्या काही दशकांत वाढली आहेत. तेव्हा पुढच्या वेळची तयारी आजच करायला हवी. नारळाचं झाड फळायला सहा-सात वर्षं लागतात. नुकसान किती खोल आहे हे समजायला एवढा आकडा पुरे.

लहान मुलांना हे सांगितलं तर ती घाबरतात.

घाबरवायचं नाही. चौथीपर्यंत फक्त निरीक्षण: ढगांचे आकार, वारा कुठून येतो, सावली किती लांब. पाचवी ते सातवी मोजमाप. कारणं आठवीपासून. आणि प्रत्येक धोक्याबरोबर हातात करण्यासारखी एक गोष्ट द्या.

विजेबद्दल काय शिकवलंच पाहिजे?

एकच प्रकरण शिकवायला वेळ असेल तर हे शिकवा. एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात मराठवाडा-विदर्भात विजेने माणसं जातात, बहुतेक वेळा शेतात किंवा झाडाखाली.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडू नका. झाडाखाली नाही. तळ्यात, विहिरीवर नाही. उघड्यावर अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. शेतावर जाणाऱ्या प्रत्येक घरात एका तरी फोनवर ते असावं. ग्रामसभेत बसूनच सगळ्यांचे फोन मागून घ्या आणि ॲप टाकून द्या. "घरी जाऊन टाका" म्हटलं की ते राहून जातं.

सरासरीच्या १०० टक्के पाऊस झाला म्हणतात, मग आमच्याकडे टंचाई का?

कारण ती सरासरी देशाची आणि चार महिन्यांची आहे. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी ८७ सें.मी. धरतात, आणि ९६ ते १०४ टक्के म्हणजे 'सर्वसाधारण'. ऑगस्टमध्ये तीन आठवडे खंड पडला आणि सप्टेंबरच्या तीन दिवसांत भरून निघाला, तरी कागदावर १०० टक्केच. सोयाबीनला मात्र शेंगा भरताना पाणी हवं असतं. हे समजवायला रोजच्या पावसाचा आलेख काढा.

मुलगी बारावीला आहे. या क्षेत्रात शिकायचं तर?

भौतिकशास्त्र आणि गणित पक्कं करून घ्या. पदवीनंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. शेतीची आवड असेल तर कृषी पदवीनंतर कृषी हवामानशास्त्र. हवामान विभागात वैज्ञानिक सहायकाची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून होते.

आणि तिला अ‍ॅना मणी यांच्याबद्दल सांगा. त्या १९४८ मध्ये पुण्यात हवामान विभागाच्या उपकरण शाखेत आल्या. तोवर साधी साधी उपकरणंही परदेशातून येत. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांची आरेखनं प्रमाणित केली आणि ती भारतातच बनू लागली. मापक हातात घेतलेल्या मुलींना हे सांगताना आम्हाला दर वेळी भरून येतं.

मुलांना दाखवायला न्यायचं तर कुठे?

पुण्यात शिवाजीनगरचं शिमला ऑफिस. हवामान विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, पुढे दिल्लीला गेलं, पण चौकाला नाव तेच राहिलं. २३ मार्चला जागतिक हवामान दिनी तिथे साधारणपणे सर्वांना प्रवेश असतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेकडेही चौकशी करा. मुंबईकरांना कुलाबा जवळ आहे, तिथली वेधशाळा १८२६ची. आधी पत्र पाठवूनच जा.

पावसाळा संपला. आता वहीचं काय करायचं?

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचा, आणि वाचायला मुलांनाच उभं करा. एकूण पाऊस, पावसाचे दिवस, सर्वांत मोठा खंड, एका दिवसातला सर्वांत जास्त पाऊस. चार आकडे पुरेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं, ही शिस्त लावून घेतली आहे. प्यायला किती, जनावरांना किती, पिकांना किती उरलं, हे तिथे आधी ठरतं. तुमच्या गावात पहिल्या वर्षी एवढं होणार नाही. पहिल्या वर्षी कोणीतरी उठून म्हणेल, "माझ्या वावरात यापेक्षा कमी झाला." त्यांना दुसरा मापक द्या आणि वहीत त्यांच्या नावाचा रकाना आखा.